धूर सरला, मास्तर

लढाईचे दिवस होते आणि पेट्रोल मिळत नव्हतं, हे आधी सांगितलं पाहिजे. नाहीतर एक मोटार दोन-अडीच महिने रोज सकाळी माझ्या खिडकीखाली का उभी राहायची आणि तिच्यापायी मी एवढा का तणतणत होतो, हे कुणाला समजायचं नाही. त्या भांडणाचा शेवट मी माझ्या हुशारीनं केला. त्या हुशारीचं पुढे काय झालं ते मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही.

नगरला पेठेतल्या एका अरुंद रस्त्यावर आम्ही दोन खोल्यांत राहत होतो. आम्ही म्हणजे मी आणि आई. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकट्या बहिणीचं लग्न होऊन ती जामखेडला सासरी गेली होती. मी हायस्कुलात भूगोल आणि आरोग्यशास्त्र शिकवायचो. मागची खोली स्वयंपाकाची, देवही तिथंच. पुढची खोली रस्त्यावर. तिला कमरेच्या उंचीची एक गजांची खिडकी होती. खिडकीच्या खाली गटार, आणि गटारावर लांबच लांब शहाबादी फरशा टाकलेल्या. नगरपालिकेच्या कागदात त्याला काय म्हणत असतील ते असो, आम्ही सगळे नुसतं 'फरशा' म्हणायचो. म्हाताऱ्या देवळात जायच्या त्या फरशांवरून, मुली शाळेत जायच्या त्या फरशांवरून. कारण खाली रस्त्यावर पाऊल टाकायची सोय नव्हती. टांगे आणि बैलगाड्या तर होत्याच, त्यात भिंगारच्या कँपातल्या लष्करी लॉऱ्या. त्या माणूस बघून वेग कमी करत नसत.

अशाच एका लॉरीनं जामखेडला जाणाऱ्या प्रवासी मोटारीचा उजवीकडचा दिवा उडवला. ही मोटार रोज सकाळी आमच्या शेजारच्या दुकानापुढे उभी राहायची, चहाची खोकी, काडेपेट्या, कापडाचे गठ्ठे भरायची आणि मग स्टँडवर जाऊन माणसं घ्यायची. दिवा फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरनं काय करावं? त्यानं मोटारीची डावीकडची दोन्ही चाकं सरळ फरशांवर चढवली. मोटारीचं तोंड दुकानापाशी आणि ढुंगण आमच्या खिडकीखाली.

ढुंगण म्हणतो ते रागानं म्हणतो, पण खरा प्रकार तिथंच होता. पेट्रोल नाही म्हणून ह्या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागे एक उंच लोखंडी पिंप बसवलेलं असे, त्याला सगळे भट्टी म्हणत. तिच्यात लाकडाचा लोणारी कोळसा भरायचा, तेलात भिजवलेल्या चिंधीनं पेटवायचा आणि हातानं एक पंखा गरागरा फिरवत बसायचं. आधी जो धूर निघायचा तो विचारू नका. डोळे चुरचुरायचे, दोरीवरचं धोतर काळं व्हायचं. दहा-पंधरा मिनिटांनी धूर सरायचा. त्यानंतरही पुष्कळ वेळ पंखा फिरवावा लागायचा. मग ड्रायव्हर नळीच्या तोंडाशी काडी ओढून बघायचा. निळी ज्योत धरली की गॅस तयार झाला.

पहिल्याच दिवशी मी पंचा गुंडाळूनच बाहेर आलो. "अहो, ही माणसांची चालायची जागा आहे!"

ड्रायव्हर चाळिशीचा, जाड मिशांचा, मोठा हसतमुख माणूस. पंखा फिरवता फिरवताच म्हणाला, "मास्तर, मग माज्या गाडीत तरी कोन बसतंय? मानसंच की!"

दुकानाच्या पायरीवरचे चौघे-पाचजण हसले. माझ्या नाकावर राग तेव्हा कायम बसलेला असायचा, त्यात कुणी चारचौघांत हसलं की झालंच. मी नगरपालिकेला अर्ज केला. सुवाच्य अक्षरात, चार कलमी. आठवड्यानं एक जमादार आला. त्यानं फरशा मोजल्या, तडकलेल्या किती ते लिहून घेतलं, आणि त्या बदलाव्यात म्हणून आमच्या घरमालकाला नोटीस लागली. घरमालक आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. मग मी चौकीवर गेलो. तिथल्या हवालदाराची सासुरवाडी जामखेडच्या वाटेवर होती आणि तिथून त्याच्या भाजी-धान्याच्या टोपल्या ह्याच मोटारीतून यायच्या. तो म्हणाला, "लढाई चाललीय मास्तर. जरा दमानं घ्या."

शेवटी मी दोन मोठे धोंडे आणून फरशांवर ठेवले. म्हटलं, आता चढव चाकं. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्यानं ते धोंडे उचलून मागच्या चाकांना टेकण म्हणून लावलेले. वर मलाच म्हणतो, "लई बेस केलं. ब्रेक जरा कच्चाच हाय."

गल्लीत कुणीही माझ्या बाजूचं नव्हतं. तो कुणाची औषधाची बाटली आणून द्यायचा, कुणाचं पत्र पोचवायचा, कुणाच्या म्हातारीला हात धरून चढवायचा. सगळे त्याचे मिंधे. म्हाताऱ्या बायका मोटार आली की फरशांवरून मुकाट खाली उतरायच्या, लॉरीला चुकवत पुढे जायच्या आणि पुन्हा वर चढायच्या. कुणी म्हणून तक्रार करत नसे. मला त्यांचाही राग यायचा.

आणि मग मीही मिंधा झालो. बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यायची होती. जामखेडहून यायला दुसरं साधन नव्हतं. त्यानं तिला आपल्या शेजारी पुढे बसवलं, खाली पोत्यांची घडी घातली, खड्डा दिसला की मोटार बैलगाडीसारखी हळू चालवली, वाटेत तिला मळमळलं तेव्हा सावलीला थांबवली. घरापर्यंत ट्रंक स्वतः उचलून आणली. "आईसाब, तुमची लेक फुलावानी आनलीया," असं आईला सांगून गेला. आईनं त्याला लाडू दिला. त्यानंतर फरशांबद्दल तोंड उघडायची मला लाज वाटू लागली. मोटार रोज येत होती आणि मी मूग गिळून बसत होतो.

मार्गशीर्षातल्या ऐन थंडीत बहिणीला मुलगा झाला.

बाळंतिणीची खोली पुढचीच करावी लागली, कारण मागे स्वयंपाक आणि देव. मी माझं अंथरूण जिन्याखाली हलवलं. आईनं खिडकी लावून फटींत चिंध्या कोंबल्या, बाजेखाली शेगडी ठेवली, सकाळ-संध्याकाळ ओवा-शेपांची धुरी सुरू केली. बाळाला आणि बाळंतिणीला न्हाऊ घालायला एक बाई यायची. गल्लीच्या टोकाला राहायची, विधवा, एका डोळ्यानं अधू. आमचा जन्मही तिच्याच सासूच्या हातचा. तिला आम्ही मावशी म्हणायचो. ती आठच्या सुमारास यायची आणि न्हाणी मागे परसात असल्यामुळे बाळाला उचलून तिकडे घेऊन जायची.

आता मी आरोग्यशास्त्राचा मास्तर. दरवर्षी सातवीच्या मुलांकडून घोकून घ्यायचो की बंद खोलीत पेटती शेगडी ठेवणं म्हणजे मरणाला बोलावणं. आणि माझ्याच घरात हा प्रकार! मी आईशी दोन दिवस भांडलो. आई म्हणाली, "वारा लागला तर पोरीला जन्माचं दुखणं लागेल. तू बाळंत झाला आहेस कधी?" मी म्हटलं, "शेगडीनं माणसं झोपेत जातात आई, पुस्तकात आहे." तिसऱ्या दिवशी आई थकली. ठरलं असं, की शेगडी राहील, पण सकाळी खिडकीचं एक दार उघडायचं आणि खोलीत ताजी हवा येऊ द्यायची. बारशानंतर पाळणासुद्धा मी आढ्याच्या त्या कडीला टांगायला लावला जी खिडकीला जवळ होती. आपण जिंकलो, ह्या आनंदात मी होतो.

राहता राहिली मोटार. ताजी हवा यायची त्याच वेळी खाली भट्टी पेटायची. मी ड्रायव्हरकडे गेलो, ह्या वेळी भांडायला नाही. घरात बाळ-बाळंतीण आहे म्हटल्यावर त्यानं पंखा थांबवला.

"आवं, मग आधी न्हाई का सांगायचं?"

"आता सांगतोय ना. मोटार जरा पुढे नाहीतर मागे घ्या."

तो खरोखर विचारात पडला. पुढे म्हणे उतार नव्हता. सकाळी इंजिन गार असतं, धक्का मारल्याशिवाय चालू होत नाही, आणि उतार फक्त आमच्या दारात. मग त्यालाच सुचलं. "असं करू मास्तर. धूर निघतो तवर खिडकी लावून ठिवा. धूर सरला का मी हाळी देतो. मग बिनघोर उघडा."

मला ते पटलं. पटलं कसलं, मला वाटलं, शहाणी माणसं भांडण असं मिटवतात. शाळेत शिक्षकांच्या खोलीत मी ही तडजोड दोघातिघांना सांगितलीसुद्धा, की अडाणी माणूसही समजावून सांगितलं तर ऐकतो.

आणि त्यानं शब्द पाळला. रोज सकाळी, अगदी न चुकता, खिडकीवर दोन टिचक्या मारून तो मोठ्यानं ओरडायचा, "धूर सरला, मास्तर!" मी बहुधा घरात नसायचोच. सहालाच एका वकिलांच्या मुलींची शिकवणी असायची. आई मागे पाण्याच्या बंबापाशी. मग बहीणच उठायची आणि खिडकीचं दार उघडून पुन्हा पडायची. गल्लीतल्या बायकांना त्या हाळीची एवढी सवय झाली की मी शिकवणीहून येताना त्या मला म्हणायच्या, "मास्तर, सरला का धूर?"

बाळ शांत होतं. इतकं शांत, की शेजारणी कौतुक करायच्या. सकाळी तर मुळीच रडायचं नाही. गालांवर सुरेख लाली असायची. आई मीठमोहऱ्या ओवाळायची, दृष्ट लागू नये म्हणून. बहिणीचं मात्र डोकं दुखायचं. उठली की भोवळ यायची, एक-दोनदा ओकलीही. पहिलं बाळंतपण, अंगात रक्त कमी, असं आई म्हणायची, आणि मला त्यात न पटण्यासारखं काही नव्हतं.

न पटण्यासारखं फक्त मावशीला काहीतरी होतं. एके दिवशी ती बाळाला टाळूवर तेल थापून, दुपट्यात गुंडाळून आत घेऊन आली आणि मी कोट चढवत होतो तिथं थांबली.

"मास्तर, तुमी शिकल्यालं हाय म्हनून इचारते. ह्या खोलीत काय तरी हाय."

"काय आहे?"

"ते मला ठावं न्हाई. सकाळच्याला उचलते तवा पोर निसतं निपचित असतंय. मान टाकतंय. न्हानीत न्हेलं, जरा येळ गेला का डोळं उघडतंय, पाय झाडतंय. दुपारच्याला कसं गुनाचं पितंय. ताईचंबी तसंच. परसात येऊन बसली का म्हनती, मावशी, आता बरं वाटतंय. ह्यास्नी मागं न्ह्या दोन-चार दिस."

मी हसलो. कसं हसलो ते मला अजून आठवतं, म्हणून लिहितो. मी म्हटलं, "मावशी, भुताखेतांचं खूळ तुमच्या घरी. इथं नको. उजेड आणि हवा आहे म्हणून तर बाळ शांत झोपतं." बाळाला पाळण्यात ठेवताना तिनं खिडकी ओढून घेतली. मी तिच्यादेखत ती पुन्हा उघडली.

त्यानंतर चौथ्या की पाचव्या दिवशीची गोष्ट. आदल्या दिवशी आभाळ येऊन भुरभुर पाऊस पडला होता, कोळसा दमट झाला होता. मोटार लवकर गॅस धरेना. ड्रायव्हर तासभर पंखा फिरवत होता, असं दुकानदार नंतर सांगत होता. हाळी मात्र त्यानं वेळेवर दिली होती, धूर सरल्याबरोबर. बहीण उठली, तिनं खिडकी उघडली, आणि पुन्हा पडली.

मी शिकवणीहून आलो तेव्हा मोटार निघून गेली होती आणि मावशी दारात उभी होती. तिच्या हातात बाळ होतं. तिनं माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. आत आई बहिणीच्या तोंडावर पाणी मारत होती. बहीण दुपारपर्यंत शुद्धीवर आली. बाळ नाही आलं. बारशाला त्याचं जे नाव ठेवलं होतं ते मी लिहीत नाही. त्या नावानं त्याला कुणी धड चार वेळा हाकसुद्धा मारली नव्हती. शेवटपर्यंत त्याचे गाल लालच होते.

डॉक्टर आले. बहिणीला तपासलं, शेगडी बघितली. ती केव्हाच विझून राख झाली होती. मग खिडकीशी जाऊन खाली फरशांवर सांडलेला कोळशाचा चुरा बघत उभे राहिले. मला त्यांनी बाजूला जिन्याखाली नेलं आणि विचारलं, मोटार कुठं उभी राहते, भट्टी कुठल्या बाजूला असते, खिडकी केव्हा उघडता. मी सांगितलं. धूर असेपर्यंत बंद ठेवतो, हेही सांगितलं, जरा अभिमानानंच सांगितलं असणार.

ते म्हणाले, "मास्तर, धूर असतो तोवर माणूस खोकतो, उठून पळतो. धूर सरल्यावर जे निघतं त्याला रंग नाही, वास नाही. शेगडीबद्दल तुम्ही वाचलंय ते हेच. शेगडीत चिमूटभर असतं, त्या भट्टीत ते मुद्दाम तयार करतात. त्याच्यावरच तर मोटार चालते."

ते जाताना एवढं म्हणाले, "खात्री देता येत नाही. पण खिडकी बंद राहिली असती तर बरं झालं असतं."

त्या दुपारीच मी ठरवून टाकलं होतं की आईला आणि बहिणीला सगळं सांगायचं. माझी चूक होती, मला ती कबूल करायची होती. पण संध्याकाळी बहीण पहिल्यांदा बोलली ती असं बोलली: "दादा, मी उठले होते रे. खिडकीसुद्धा उघडली मी. तेव्हा पाळण्यात हात घालून बघितलं असतं तर?" तिनं हे मला तीन-चारदा विचारलं. पाळण्यात हात घातला नाही, एवढंच तिला डाचत होतं. खिडकी उघडली हे तिच्या लेखी तिनं केलेलं एकमेव चांगलं काम होतं. मी तिला काय सांगणार होतो? ज्या हातानं तू खिडकी उघडलीस त्याच हातानं?

आणि माणसांना कारण हवं असतं. मी दिलं नाही, तर आईनं शोधून काढलं. पंधरा दिवसांच्या आतच ती शेजारणींना सांगू लागली, "आदल्या दिवशी मावशीनं टाळू फार दाबली. मी म्हटलंसुद्धा, हळू. एका डोळ्यानं दिसत नाही, हात जड पडला." पहिल्यांदा ती हे कुजबुजत म्हणायची, मग उघड म्हणू लागली. बहिणीनंही ते धरलं. तिला ते धरायला मिळालं म्हणून ती सावरली, हे मी डोळ्यांनी बघत होतो. जेवू लागली, वेणी घालू लागली. मावशीला कुणीतरी निरोप दिला की उद्यापासून येऊ नका.

ड्रायव्हर दुसऱ्याच दिवशी येऊन गेला होता. वहाणा लांब काढून, डोकं उघडं, दाराशी उभा राहिला आणि आईला बघून रडला. त्या दिवसापासून मोटार आमच्या खिडकीखाली आली नाही. ती कोपऱ्यावरच्या पिंपळाखाली उभी राहू लागली. तिथं उतार नव्हता, म्हणून तो चार माणसं घेऊन यायचा आणि धक्का मारायचा. चार माणसं! माझ्या अर्जानं, माझ्या धोंड्यांनी, माझ्या गोड बोलण्यानं जी मोटार हातभर हलली नव्हती ती सुतकाच्या घराचा मान राखायला म्हणून एका दिवसात हलली. माझ्या अंगाची लाही झाली. मी पिंपळाखाली जाऊन त्याला डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. जरा क्रूरपणेच सांगितलं. म्हटलं, इथंही कुणाच्या तरी खिडक्या आहेत.

त्यानं पंखा फिरवायचा थांबवला. मग विचारलं, "ताईला म्हाईत हाय?"

"नाही."

"मग मीबी बोलत न्हाई," तो म्हणाला. त्यानंतर तो भट्टी गावाबाहेर माळावर पेटवू लागला. आमच्या रस्त्याला मोटार पुन्हा आली ती लढाई संपून पेट्रोल मिळू लागल्यावर. बाळ गेलं त्याचं कारण आम्ही दोघं, मी आणि तो. आम्ही दोघं असे गप्प बसलो, आणि बोलणी तिसरीनं खाल्ली.

गल्लीत बाळंतपणं थांबत नव्हती, पण मावशीला कुणी बोलावेना. तेव्हा सावेडीला नुसते मळे होते. तिकडे ती खुरपायला जाऊ लागली. एकदा रविवारी मी मुद्दाम तिच्या घरी गेलो. ती दारात ज्वारी निवडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं: भट्टी, हाळी, खिडकी, डॉक्टर. म्हटलं, मी आईला सांगणार आहे, गल्लीलाही सांगणार आहे.

तिनं सूप बाजूला ठेवलं. "खिडकी कोन उघडायचं?"

मी खाली तिच्या ज्वारीकडे बघू लागलो.

"ताई?"

"हो."

तिनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं आणि ती खडे वेचू लागली. मग म्हणाली, "मास्तर, मग त्वांड मिटा. तिला अजून लेकरं हुयाची हायती. हे कळलं तर ती पुन्यांदा पाळन्याला हात लावायची न्हाई."

"पण तुमचं काम गेलं."

"खुरपं हाय की. हात हायती तवर पोट हाय." आणि मग, माझ्याकडे न बघता, तिनं विचारलं, "पन मला येक खरं सांगा. माजा हात न्हवता न्हवं? मी रोज हात बगती मास्तर. इतक्या लेकरांच्या टाळवा भरल्या ह्या हातानं. वाटायचं, खरंच दाबली का काय मी?"

"नव्हता मावशी. तुमचा हात नव्हता. तुम्ही तर मला सांगितलं होतं."

"झालं तर," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले. मला वाटतं, तिला तेवढंच हवं होतं. मला मात्र त्याहून जास्त देता आलं असतं, आणि ते न देण्याची परवानगी घेऊनच मी घरी आलो. मनातून सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची लाज आजही वाटते.

दोन वर्षांनी बहीण पुन्हा बाळंतपणाला आली. ह्या वेळी मी एक शब्द बोललो नाही. आईनं फटींत चिंध्या कोंबल्या, मी बघत राहिलो. मुलगी झाली, चांगली रडकी, सकाळ-दुपार घर डोक्यावर घेणारी. न्हाऊ घालायला कुणाला बोलवायचं ह्याची बोलणी चालली तेव्हा बहीण म्हणाली, "कुणीही चालेल दादा. फक्त ती मावशी नको."

"बरं," मी म्हटलं.

"आणि तू म्हणे रस्त्यात भेटली की तिला नमस्कार करतोस. आई सांगत होती. माझं बाळ गेलं तिच्या हातून, आणि तू नमस्कार करतोस?" तिचे डोळे भरून आले. मांडीवर मुलगी होती. "नको करत जाऊस. माझ्यासाठी म्हणून."

मी पुन्हा "बरं" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मावशी समोरून आली. कमरेला खुरपं, डोक्यावर गवताचा भारा. फरशांवर आम्ही दोघंच होतो. ती दहा पावलांवर असताना मी खाली रस्त्यावर उतरलो आणि पलीकडच्या बाजूला गेलो. तिनं पाहिलं. तशी वेळ माझ्यावर पुन्हा आली नाही. त्यानंतर मी लांबून दिसलो, की डोक्यावरचा भारा सावरत तीच आधी खाली उतरायची.